नये पैसे पूर्ण झाले. आता पुढची मालिका कोणती?

यंदाच्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी माझ्या नये पैशांच्या संग्रहातील शेवटची रिकामी जागा भरली. ते नाणे कारंज्याच्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याने मोडीच्या ढिगातून बाजूला काढून ठेवले होते आणि मी मालाच्या खरेदीला गेलो तेव्हा आठवणीने हातावर ठेवले. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान पद्धत लागू झाली आणि १९६४ पर्यंत नाण्यांवर 'नये पैसे' असा उल्लेख राहिला. एक, दोन, पाच, दहा, पंचवीस आणि पन्नास अशा सहा किमतींची ही नाणी मुंबई, कोलकाता आणि हैदराबाद येथील टांकसाळींच्या खुणांप्रमाणे जमवायला मला सात वर्षे लागली. आण्या-पैच्या हिशेबात वाढलेल्या माणसाला शंभर भागांचा रुपया समजावा म्हणून त्या नाण्यांवर 'रुपये का सौवाँ भाग', 'रुपये का दसवाँ भाग' असे लिहिलेले असे. ती अक्षरे भिंगाखाली वाचण्याची मला इतकी सवय झाली होती की वही पूर्ण झाल्यावर दोन-तीन रात्री हाताला काम नसल्यासारखे वाटले. पुढे काय जमवायचे, याचा विचार तेव्हा सुरू झाला आणि तो जवळजवळ दोन महिने चालला.

मी मंगरूळपीर तालुक्यातील एका गावात किराण्याचे दुकान चालवतो आणि आठ एकर कोरडवाहू शेती करतो. नागपूर-पुण्याच्या संग्राहकांना नाण्यांची प्रदर्शने आणि लिलाव हाकेच्या अंतरावर असतात. माझी नाणी मात्र आठवडी बाजारातून, भंगारवाल्याच्या पोत्यातून, एखाद्या म्हातारीच्या चंचीतून आणि दुकानाच्या गल्ल्यातून येतात. त्यामुळे मालिका निवडताना तिचे नाणे माझ्या हाताला कोणत्या वाटेने लागेल, हा प्रश्न मला सर्वांत आधी विचारावा लागतो. ज्या मालिकेसाठी केवळ फोनवर छायाचित्रे पाहून आगाऊ पैसे पाठवावे लागतात, ती माझ्यासाठी नाही, हे मी अनुभवाने ठरवले आहे. असाच एक व्यवहार मी पूर्वी केला होता. छायाचित्रातले नाणे वेगळे होते आणि पाकिटातून निघालेले वेगळे.

पहिला विचार अर्थातच चांदीच्या रुपयांचा आला. राणी छाप आणि राजा छाप रुपयांची ओढ कोणाला नसते? आमच्या भागात लक्ष्मीपूजनाच्या ताटात आजही एखादा तरी बंदा रुपया असतो. १८३५ साली कंपनी सरकारने साऱ्या मुलखासाठी एकसारखा रुपया काढला. तेव्हापासून १९३९ पर्यंत त्याचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा राहिले आणि त्यात सुमारे ९२ टक्के चांदी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया तर निव्वळ निकेलचा आहे. विल्यम, व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि दोन जॉर्ज अशी ही सरळ रांग आहे. त्यात १९११ च्या रुपयासारखी नाणीही आहेत, ज्याच्यावर पंचम जॉर्ज राजाच्या गळ्यातील माळेतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि पुढच्याच वर्षी ठसा बदलावा लागला. अभ्यासाला ही मालिका फार समृद्ध आहे.

परंतु चांदीचा भाव जसजसा चढत गेला, तसतसा हा रुपया नाणे म्हणून न राहता धातू म्हणून मोजला जाऊ लागला. गावात कोणाला दवाखान्याची किंवा पेरणीची अडचण आली की तो रुपया सोनाराच्या तराजूत जातो आणि मोडीच्या भावात वितळतो. त्या माणसाची अडचण मला दिसत असते. त्याच्या गरजेच्या वेळी माझ्या वहीसाठी त्याच्याशी घासाघीस करणे मला जमत नाही आणि सोनारापेक्षा जास्त भाव देण्याची माझी ऐपत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, म्हणून चांदीचा विचार मी दुःखाने बाजूला ठेवला. घरातला आजीचा एक १९०७ चा रुपया आहे, तो दिवाळीत ताटात ठेवतो आणि तेवढ्यावर समाधान मानतो.

दुसरा विचार आमच्या स्वतःच्या मातीतल्या नाण्यांचा होता. तो मनातून काढणे सर्वांत अवघड गेले. तऱ्हाळा हे आमच्याच तालुक्यातील गाव. तेथे १९३९ साली सातवाहन राजांच्या सुमारे सोळाशे नाण्यांचा साठा सापडला. तेव्हा हा भाग अकोला जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा वेगळा झाला तो १९९८ मध्ये. तांबे, शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाची, पोटीन म्हणून ओळखली जाणारी ही नाणी आहेत. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि राजाचे नाव, तर दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे जोडणारे उज्जैन चिन्ह. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या साठ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि इतर कोठे नावही न आढळणारे काही सातवाहन राजे त्यामुळे इतिहासाला ठाऊक झाले. ज्या रस्त्याने मी दर आठवड्याला जातो, त्या रस्त्याच्या बाजूच्या मातीने सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या राजांची नावे सांभाळून ठेवली होती, ही गोष्ट मनात आली की आजही अंगावर काटा येतो.

तरीही मी ती नाणी जमवणार नाही. नांगरताना, विहीर खोदताना किंवा जुने घर पाडताना अशी नाणी सापडली तर ती परस्पर विकता येत नाहीत. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. कायदा बाजूला ठेवला तरी एक मोठी हानी आहे. तऱ्हाळ्याचा साठा एकत्र राहिला म्हणून वाचता आला. तोच जर पन्नास जणांच्या पन्नास डब्यांत गेला असता, तर प्रत्येकाकडे हत्तीचे एकेक सुंदर नाणे असते आणि राजांची नावे कोणालाच कळली नसती. माझ्याकडे एखादा शेतकरी मातीने माखलेले नाणे घेऊन आला तर मी त्याला नाण्याला हात न लावता तहसीलमध्ये कळवायला सांगतो. मी विकत घेऊ लागलो, तर उद्या शेतांची खोदाखोद सुरू होईल.

शिवराईचा मोह प्रत्येक मराठी संग्राहकाला होतो, तसा मलाही झाला. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' ही अक्षरे असलेला तांब्याचा तुकडा हातात घेण्याचा आनंद मी शब्दांत सांगू शकणार नाही. पण आज बाजारात ओतीव बनावट शिवराई नाण्यांचा सुळसुळाट आहे आणि अस्सल-नकल ओळखणारी नजर माझ्याकडे अजून आलेली नाही. महाराजांच्या नावाचे खोटे नाणे वहीत लावण्यापेक्षा जागा रिकामी असलेली बरी. भोकाच्या पैशाचाही विचार झाला. १९४३ ते १९४७ या युद्धाच्या आणि तांब्याच्या टंचाईच्या वर्षांतला हा पैसा, मुकुटाच्या आणि टांकसाळीच्या फरकांसह, एका हिवाळ्यात पूर्ण होईल इतका आटोपशीर आहे. तो मी पुढे कधीतरी नक्की घेईन.

अखेर ज्या मालिकेवर मी स्थिरावलो, ती माझ्याच घरात फळीवर पडून होती.

वडील गेल्यानंतर दुकानाच्या वरच्या फळीवरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला होता. चाळीस वर्षांच्या गल्ल्यात साठत गेलेली, कोणी घेईनाशी झालेली चिल्लर त्यात होती. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. त्याआधी ती बँकेत नेऊन बदलून घ्यायची, असे वडील म्हणत असत आणि ते राहून गेले. तेव्हा मी त्यातील नये पैसे तेवढे वेचून घेतले आणि डबा पुन्हा फळीवर ठेवला. या भाद्रपदात पावसाने उघडीप दिली त्या दुपारी तो डबा मी परातीत ओतला. ॲल्युमिनियमच्या नाण्यांचा आवाज पत्रा वाजवल्यासारखा हलका आणि कोरडा असतो. तांबे-निकेलचे पंचवीस पैसे त्यात पडले की मधूनच टणत्कार उठतो. किमतीप्रमाणे ढीग लावताना माझ्या हाताला दहा पैशांचे एक नाणे लागले. बारा पाकळ्यांचा तोच ओळखीचा काठ आणि एका बाजूला सिंह. नाणे उलटले तर नेहमीचा छाप नव्हता, सर्वांसाठी अन्न आणि निवारा, अशा अर्थाचा हिंदी-इंग्रजी मजकूर होता आणि खाली १९७८ हे साल. किमतीचा आकडा सिंहाच्या बाजूलाच बसवलेला होता.

ते साल पाहून मी क्षणभर थांबलो. मी आठ वर्षांचा असताना तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघर फिरलो होतो आणि बोजारा म्हणून जी चिल्लर मिळाली होती, तिच्यात याच वर्षाची, याच छापाची नाणी असली पाहिजेत. तेव्हा त्यावर काय लिहिले आहे, हे मी वाचले नव्हते. दहा पैशाला लेमनच्या गोळ्या किती येतात, एवढेच पाहिले होते. वडिलांनी ती नाणी आयुष्यभर मोजली, पण बहुधा त्यांनीही ती उलटून वाचली नसावीत.

संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना, जिला आपण एफएओ म्हणून ओळखतो, ती १६ ऑक्टोबर १९४५ रोजी स्थापन झाली. साठच्या दशकाच्या अखेरीस या संघटनेने निरनिराळ्या देशांना अन्न आणि शेती या विषयांवर नाणी काढण्याचे आवाहन केले. भारतात या विषयाची नाणी १९७० पासून निघू लागली आणि पुढे जवळजवळ दरवर्षी एक नवा विषय येत गेला. शोभेची नाणी तर अनेक देश काढतात. आपल्याकडे मात्र हे विषय अगदी पाच आणि दहा पैशांच्या नाण्यांवर आले, म्हणजे जी नाणी मजुराच्या, शाळकरी मुलाच्या आणि बाजारात मेथीच्या जुड्या विकणाऱ्या बाईच्या हातातून रोज जात होती, त्याच नाण्यांवर आले. मला ही मालिका थोर वाटते ती यासाठी.

सुरुवात १९७० च्या पिवळ्या धातूच्या वीस पैशांपासून होते. सर्वांसाठी अन्न हा त्याचा विषय. १९७३ मध्ये पन्नास पैशांवर अधिक धान्य पिकवण्याचे आवाहन आले. १९७३ हे साल वाचताना आमच्या पिढीच्या घरांत काय आठवते, हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागेल. १९७२ चा दुष्काळ नुकताच अंगावरून गेला होता, रेशनवर बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी मिळत होती आणि रोजगार हमीच्या कामांवर लोक खडी फोडत होते. त्या हातांत मजुरीच्या पैशांबरोबर 'अधिक पिकवा' असे सांगणारी अधेली येत होती. पाऊसच नसताना अधिक पिकवायचे कसे, हा प्रश्न तेव्हा ज्यांच्या मनात आला असेल, त्यांच्यापैकी काही जण आजही आमच्या गावात आहेत आणि मी त्यांच्याकडून त्या वर्षाच्या आठवणी लिहून घेत आहे.

१९७४ च्या दहा पैशांवर नियोजित कुटुंब आहे, १९७६ च्या पाच आणि दहा पैशांवर सर्वांसाठी अन्न आणि काम, १९७७ मध्ये विकासासाठी बचत, १९७८ मध्ये अन्न आणि निवारा. १९८० मध्ये दहा आणि पंचवीस पैशांवर ग्रामीण स्त्रियांची उन्नती हा विषय आला. आमच्याकडे कापसाची वेचणी आणि निंदण ही कामे पूर्वीपासून बायकांच्याच हातांवर चालतात, पण सातबाऱ्यावर त्यांचे नाव क्वचित असते. त्यांच्यासाठी काढलेले हे नाणे मी माझ्या काकूला दाखवले, तेव्हा तिने ते पदराने पुसून बराच वेळ पाहिले आणि "हे आमच्यासाठी व्हतं का?" एवढेच विचारले. १९८१ मध्ये पहिला जागतिक अन्न दिन पाळला गेला आणि त्या वर्षीची दहा आणि पंचवीस पैशांची नाणी त्याचीच आहेत. १९८५ च्या पंचवीस पैशांवर वनविकास आणि १९८६ च्या पन्नास पैशांवर मत्स्यव्यवसाय आहे.

त्यानंतर मालिका रुपयावर चढते आणि माझ्या दृष्टीने तिचा गाभा येथे येतो. १९८७ चा रुपया लहान शेतकऱ्यांचा आहे आणि १९८८ चा रुपया पावसावर अवलंबून असलेल्या शेतीचा, म्हणजे आपल्या कोरडवाहू शेतीचा. सहा ग्रॅम वजनाचा, तांबे-निकेलचा हा रुपया मला डब्यात मिळाला नाही. तो मंगरूळच्या बाजारात जुन्या कुलपांच्या ढिगाशेजारी बसणाऱ्या विक्रेत्याकडे वीस रुपयांना मिळाला. काठाचे कंगोरे शाबूत आहेत, सिंहांची तोंडे मात्र झिजली आहेत, म्हणजे तो बराच फिरलेला आहे. दुकानाच्या ओट्यावर बसणाऱ्या शेजारच्या आबाजींना मी तो वाचून दाखवला. त्यांनी जन्मभर कोरडवाहू कापूस केला आहे आणि दोन वेळा दुबार पेरणी करूनही उभे राहिले आहेत. ते म्हणाले, "कोरडवाहूच्या नावाचं नानं काढलं व्हतं सरकारनं, अन् आमाले मालूमच नाई!" मग त्यांनी १९८८ साली पाऊस कसा होता, कोणत्या नाल्याला पूर आला होता आणि कापसाला त्या वर्षी काय भाव मिळाला, हे अर्धा तास सांगितले. राणी छाप रुपया दाखवला असता तर ते चांदीच्या भावाबद्दल बोलले असते. माझी निवड त्याच दिवशी पक्की झाली.

पुढे १९८९ मध्ये अन्न आणि पर्यावरण, १९९० मध्ये भविष्यासाठी अन्न, १९९२ मध्ये अन्न आणि पोषण असे रुपये आले. १९९३ मध्ये जैवविविधता आणि १९९४ मध्ये 'पाणी हेच जीवन' अशा आशयाची दोन रुपयांची नाणी निघाली. १९९५ मध्ये एफएओला पन्नास वर्षे झाली म्हणून पाच रुपयांचे नाणे काढले गेले. १९९६ मध्ये पीकविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे पाच रुपयांचे नाणे आहे आणि तेथे मी माझ्या मालिकेची रेघ ओढली आहे.

रेघ ओढणे हे या निवडीतले सर्वांत कठीण काम ठरले. मालिकेला कुंपण नसेल तर ती शेत राहत नाही, पडीक होते. पहिला प्रश्न चांदीच्या नाण्यांचा. याच विषयांवर दहा, पन्नास आणि शंभर रुपयांची मोठी नाणी काढली गेली आणि ती संचांमधून संग्राहकांना विकली गेली. ती सुंदर आहेत, पण ती कधी कोणाच्या गल्ल्यात पडली नाहीत, त्यांनी कधी तेल-मीठ विकत घेतले नाही. मी फक्त चलनात फिरलेली नाणी घेणार आहे. दुसरा प्रश्न विषयांचा. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांची नाणी याच किमतींची आणि याच धातूंची आहेत, ती सहज वगळता आली. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षाचे दहा पैसे मी घेतले आहेत, कारण १९८० च्या नाण्याशेजारी त्याची जागा स्वाभाविक वाटते. १९७९ च्या बालवर्षाची पाच आणि दहा पैशांची नाणी मात्र मी दोन वेळा वहीत लावली आणि दोन वेळा काढली. डब्यात ती भरपूर आहेत. शेतीशी त्यांचा संबंध लांबचा आहे, पण बोजाऱ्याची चिल्लर आठवली की ती बाहेर ठेवणे मनाला पटत नाही. सध्या ती वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी लावली आहेत.

तिसरा प्रश्न टांकसाळींचा. सालाच्या खाली चौकटीसारखा हिरा असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद आणि कोणतीच खूण नसेल तर कोलकाता, हे नये पैशांमुळे आता मला पाठ आहे. प्रत्येक विषयाचे प्रत्येक टांकसाळीचे नाणे हवे, असे ठरवले तर मालिका दुपटी-तिपटीने वाढते. तेव्हा आधी प्रत्येक विषयाचे आणि प्रत्येक किमतीचे एकेक नाणे घ्यायचे आणि ते पूर्ण झाल्यावरच टांकसाळींकडे वळायचे, असा क्रम मी लावला आहे. नये पैसे जमवताना मी दोन्ही एकदम सुरू केले होते. त्यामुळे चार वर्षे वहीत जिकडे पाहावे तिकडे छिद्रेच दिसत होती आणि उमेद खचत होती.

नाण्यांच्या स्थितीबद्दल एक गोष्ट नवीन संग्राहकांना कळकळीने सांगायची आहे. सुरुवातीच्या काळात मी १८८७ चा एक पाव आणा चिंच आणि मीठ लावून घासला होता, देवाची भांडी घासतात तसा. तो लखलखीत झाला, पण सव्वाशे वर्षांच्या हवापाण्याने त्यावर चढलेला गडद तपकिरी रंग कायमचा गेला आणि राणीच्या केसांवरच्या बारीक रेषाही पुसट झाल्या. ते नाणे मी अजून ठेवले आहे आणि घासण्याचा मोह झाला की बाहेर काढून पाहतो. ॲल्युमिनियम तर त्याहून नाजूक आहे. ते मऊ असल्याने चिमटीत धरून पुसले तरी ओरखडे येतात आणि आमच्याकडच्या पावसाळी ओलीत त्यावर पांढरे ठिपके धरतात. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांत तांब्याची आणि तांबे-निकेलची नाणी ठेवली तर काही वर्षांत त्यावर हिरवट चिकटा येतो. मी आता जाड कागदाच्या चौकटी वापरतो आणि डब्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या टाकतो. नाणे धुवायचेच असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ फडक्यावर नुसते टिपून घ्यावे.

नाणी खरेदी करताना आणखी एक अडचण हल्ली फार वाढली आहे. फोनवर फिरणाऱ्या चित्रफितींमुळे लोकांना वाटते की जुन्या पाच रुपयांचे किंवा देवीच्या चित्राच्या नाण्याचे लाखो रुपये येतात. माझ्या दुकानात महिन्यातून एक-दोन जण अशी नाणी घेऊन येतात आणि मी खरी किंमत सांगितली की त्यांचा चेहरा उतरतो. त्यांच्यातील एकाने नाणे विकण्यासाठी नोंदणी शुल्क म्हणून आधीच दोन हजार रुपये कोणाला तरी पाठवले होते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितले आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारांत तिचा कसलाही सहभाग नाही आणि त्यासाठी ती कोणाकडून शुल्क घेत नाही. हे मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दुकानाच्या दारावर लावले आहे. माझ्या या मालिकेतले कोणतेही नाणे लाखाचे नाही, हजाराचेही नाही. बहुतेक नाणी पाच रुपयांपासून तीस-चाळीस रुपयांपर्यंत मिळतात आणि या व्यवहारात विकणारा व घेणारा दोघेही मोकळ्या मनाने घरी जातात, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

सध्या वहीत पाच पैशांची सर्व नाणी लागली आहेत. दहा पैशांत १९७४ चे नाणे आहे, पण ते इतके झिजले आहे की मजकूर तिरप्या उजेडातच वाचता येतो, त्यामुळे ते बदलायचे आहे. १९८५ चे वनविकासाचे पंचवीस पैसे, १९८६ चे मत्स्यव्यवसायाचे पन्नास पैसे आणि १९९३ चे जैवविविधतेचे दोन रुपये या जागा रिकाम्या आहेत. तलावांच्या भागात, भंडारा-गोंदियाकडे, ढिवर बांधवांच्या घरी मत्स्यव्यवसायाचे नाणे कोणी मुद्दाम जपून ठेवले असेल का, असा विचार माझ्या मनात वारंवार येतो आणि दिवाळीनंतर तिकडच्या पाहुण्यांकडे जाईन तेव्हा विचारणारच आहे. माझ्याकडे १९७६, १९७७ आणि १९७८ च्या दहा पैशांची चांगल्या स्थितीतील जादा नाणी आहेत. ज्यांच्याकडे वरीलपैकी एखादे जादा असेल, त्यांच्याशी अदलाबदल करायला मी तयार आहे. एकास दोन द्यावी लागली तरी चालतील.